पोत्याचा कट्टा झाला तो हंगाम

सोयाबीन मोंढ्यात, म्हणजे आमच्या धान्यबाजारात, आलं की ते डोळ्यांआधी घशाला कळतं. दसऱ्याच्या आगेमागे एखाद्या सकाळी पहिली ट्रॉली उलटते आणि तासा-दोन तासांत सगळ्या आवारावर पिवळट भुसा तरंगायला लागतो. मानेला खाज सुटते. चहाच्या ग्लासावर बारीक थर धरतो. दुपारपर्यंत काळ्या मिशांची माणसं पांढऱ्या मिशांची होतात. गोणपाटाचा तेलकट वास, सुतळीचा कोरडा वास आणि शेंगांच्या टरफलांचा उन्हात तापलेला वास, हे तिन्ही एकमेकांत मिसळले की मला तारीख बघावी लागत नाही. हा वास मला आवडतो असं लिहिलं तर ते खोटं होईल. सव्वीस वर्षं तो नाकात आहे. पण तो आला की मी जरा सावध होतो आणि एक जुना हंगाम आपोआप शेजारी येऊन उभा राहतो.

मी मापाडी आहे. दुकानापुढं आलेला माल काट्यावर घ्यायचा, वजन मोठ्यानं सांगायचं आणि ट्रक भरताना नग मोजायचे, हे माझं काम. ट्रकला एक रुंद फळी टेकवलेली असते. तिच्या पायथ्याशी मी उभा असतो. हमाल पाठीवर माल घेऊन आला की मी आकडा पुकारतो आणि आकडा ऐकल्यावरच तो फळीवर पाय ठेवतो. आकड्याशिवाय कुणी फळी चढत नाही. हा नियम कुणी केला ते मला माहीत नाही. तो कुठं लिहिलेला नाही, पण मोंढ्यात तो मोडलेला मी पाहिला नाही.

परवा जेवणाच्या सुट्टीत एक पंचविशीतला हमाल माझ्याशेजारी डबा उघडून बसला. म्हणाला, "मापाडी, पहिलं म्हने शंभर किलोचं पोतं राह्यचं. खरंय का? का तुमी जुने लोक फेकून राह्यले?"

"खरंय," मी म्हणालो.

"एकटा मानूस न्यायचा?"

"एकटाच."

"अन् मंग मरायचा का?"

बाकीचे हसले. तोही हसला आणि लोणच्याकडे वळला. मी मात्र जेवता जेवता मनात हिशेब करत राहिलो. मला ती सवय आहे.

हिशेब असा. आमच्या दुकानापुढच्या टोळीत आठ माणसं होती. शंभर किलोचं पोतं एकट्याला स्वतःच्या पाठीवर घेता येत नाही, म्हणून दोघं फक्त उचलून द्यायला उभे राहायचे. वाहणारे उरले सहा. एका ट्रकमध्ये एकशे साठ पोती बसायची आणि भर हंगामात दिवसाला तीन ट्रक भरायचे. म्हणजे चारशे ऐंशी पोती. सहा जणांत वाटली तर प्रत्येकाला ऐंशी. ऐंशी क्विंटल म्हणजे आठ टन. अर्धा ट्रक. एका माणसाच्या मानेवरून दिवसाला अर्धा ट्रक माल जात होता. मी रोज मोजत होतो आणि दहा वर्षांत एकदाही हा गुणाकार पुरा केला नव्हता. सुट्टे आकडे पुकारणाऱ्याला बेरीज दिसत नाही.

त्या सहा वाहणाऱ्यांत माझा थोरला भाऊ होता. तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा. सगळा मोंढा त्याला दादाच म्हणायचा, त्याच्याहून मोठे असलेलेसुद्धा. एकदा गंमत म्हणून टोळीनं त्याला काट्यावर उभं केलं. छप्पन्न किलो भरला. "शेठ, पोतं हलकं भरलंय," कुणीतरी ओरडलं, आणि दादा काट्यावरूनच त्याच्या मागं धावला. छप्पन्न किलोचा माणूस शंभर किलो घेऊन चाळीस पावलं चालायचा आणि फळी चढायचा. त्या वेळी आम्हाला ती गंमतच वाटली होती.

त्या वर्षी पावसाळ्यात दादाच्या डाव्या हातातून वस्तू पडायला लागल्या. आधी कप, मग तांब्या. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर. सदऱ्याच्या गुंड्या लावायला तो वहिनीला हाक मारायचा आणि कुणी पाहिलं तर तिच्यावरच खेकसायचा. मी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मानेचा फोटो उजेडावर धरला आणि सरळ सांगितलं, "मानेत शीर दबली आहे. शंभर किलो उचलणं बंद करा, नाहीतर हात जाईल. पन्नासपर्यंत चालेल, तेही जपून."

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "पन्नास किलोचं काय असतं मोंढ्यात? कोंबडीचं खाद्य?"

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. धान्य पोत्यातच यायचं आणि पोतं शंभराचंच असायचं. हात वाचवायचा तर मोंढा सोडायचा, आणि मोंढ्यावाचून दादाला दुसरं काहीच येत नव्हतं. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी तो अंकुशनगरकडं ऊसतोडीला जायचं बोलू लागला. वहिनी चुलीपुढून म्हणाली, "गुंडी लावायला मला हाक मारता अन् कोयता तेवढा एकट्यानं चालवनार व्हय?"

त्याच सुमारास संघटनेच्या चाचांनी सभा बोलावली. चाचा म्हणजे आमच्या हमाल-मापाड्यांच्या संघटनेचे अध्यक्ष. सत्तरीला आलेले, स्वतः पस्तीस वर्षं पोती वाहिलेले, कायम थोडे पुढं वाकलेले. संध्याकाळी लिलाव संपल्यावर रिकाम्या शेडमध्ये आम्ही बसलो. चाचांनी मागणी मांडली. यापुढं पोतं नाही, पन्नास किलोचा कट्टा. मला वाटलं होतं टाळ्या पडतील. पडलं हसू.

"चाचा, कट्टा उचलायला मंग बायकांनाच बलवा की!"

"पोराच्या दप्तराएवढं वझं घेऊन गावात तोंड कसं दाखवावं?"

आणि सगळ्यांत मोठ्यानं दादा बोलला. "माझा बाप एका दमात पोतं नेत होता. मी अर्धं नेऊ? सोयरे हसतील."

मी त्याच्या डाव्या हाताकडं पाहिलं. तो त्यानं मांडीखाली घेतला होता.

चाचा रागावले नाहीत. म्हणाले, "हसा, बिलकुल हसा. मी बी हसत होतो. आता मला एक सांगा. ईदचा चांद तुम्ही कसा पाहता?"

एक जण म्हणाला, "वर बघून, चाचा."

"बराबर. मला वर बघता येत न्हाई. बारा वर्षं झाली, ही मान मागं जात न्हाई. चांदरातीला पोरं अंगणात खाट टाकतेत, मला उताणं झोपवतेत, तव्हा मला चांद दिसतो. मय्यतीसारखा पडून मी ईद मुबारक म्हनतो. ही माझ्या मर्दानगीची कमाई."

मग चाचांनी हात वर करायला सांगितले आणि मोजायचं काम मला दिलं. एकशे एकेचाळीस माणसांपैकी सत्त्याण्णव हात वर होते. मी आकडा सांगितला, लोक उठायला लागले, आणि तेवढ्यात दादानं बसल्या जागेवरून उजवा हात थोडासा उचलला. मी म्हणालो, "अठ्ठ्याण्णव." तो माझ्याकडं न पाहता चपला शोधायला लागला.

काम सहा दिवस बंद राहिलं. भर हंगामात सहा दिवस. मोंढ्याच्या फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर उभे होते. शेतकरी चिडले होते आणि त्यात त्यांची चूक नव्हती. तीर्थपुरीकडचा एक जण दोन दिवस ट्रॉलीखाली झोपलेला. तो चाचांच्या अंगावरच धावून आला.

"तुमचं वझं कमी व्हायला आमचं सोयाबीन वाळवता का? आं?"

चाचा म्हणाले, "भाऊ, घरी पोतं भरल्यावर ट्रॉलीत कोण टाकतं?"

"मी अन् माझा भाऊ. दोघं."

त्याची बायको ट्रॉलीच्या सावलीत बसली होती. ती पदरानं घाम पुसत म्हणाली, "अन् भाऊ नसला म्हंजी मी. मागल्या साली माझी कंबर धरली, ते न्हाई सांगत. ओ चाचा, कट्टेच करा. कट्टा असला तं मला एकटीला बी लोटता येईल." थोड्या वेळानं तिचा नवराच चाचांसाठी चहा घेऊन आला.

आम्ही पोत्याचा विचार फक्त मोंढ्याच्या फाटकाच्या आतला करत होतो. ते पोतं शेतात भरलं जातं, गुदामात उतरतं, रेल्वेत चढतं आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्याखाली कुणाची तरी पाठ असते, हे मला त्या बाईनं शिकवलं. तिचं नाव मी विचारलं नाही, याची रुखरुख आहे.

सातव्या दिवशी मागणी मान्य झाली. आमच्या शेठनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "वजन अर्धं केलं, आता ट्रक भरायला वेळ दुप्पट लागेल. तूच मोज आणि तूच सांग." माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि मलाही.

म्हणून मी घड्याळ लावून मोजलं. पोत्यांचा ट्रक तीन तास दहा मिनिटांत भरायचा. कट्ट्यांच्या पहिल्या ट्रकला चार तास लागले. दुसऱ्या आठवड्यात साडेतीन. आणि दिवाळी तोंडावर आली तेव्हा तीन तास वीस मिनिटं. मला पटेना. पुन्हा मोजलं. कारण साधं होतं. कट्टा उचलून द्यायला एकच माणूस पुरतो, त्यामुळं वाहणारे सहाचे सात झाले. दर चार-पाच पोत्यांनंतर खांबाला टेकून उभं राहणं बंद झालं. चकरा दुप्पट झाल्या नाहीत. सत्तावीसच्या सेहेचाळीस झाल्या. आणि दिवसाअखेर एका मानेवरून आठच्या ऐवजी सात टनांच्या आत माल गेला, तोही पन्नास-पन्नासच्या हप्त्यानं. शेठला कागद दाखवला. त्यानं तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "मग इतकी वर्षं आपण कशासाठी...?"

हे इथंच संपलं असतं तर गोड झालं असतं. पण मधल्या एका आठवड्याबद्दल लिहायला हवं, कारण त्यात माझी चूक आहे.

कट्टे सुरू होऊन चार-पाच दिवस झाले असतील. आमच्या टोळीतल्या एका दांडगट गड्यानं एकावर एक असे दोन कट्टे पाठीवर घेतले. एका चकरेत दोन, म्हणजे काम जल्दी आटपेल. दुसऱ्यानं पाहिलं, त्यानंही घेतले. तिसऱ्या दिवशी अख्खी टोळी जोड्या वाहत होती. सहा दिवस उपाशी राहून खाली उतरवलेलं ओझं त्यांनी हसत हसत परत मानेवर घेतलं होतं. आणि दादा त्यांच्यात पुढं होता. हात बधिर, तरी पुढं. "दुखतंय का?" विचारलं की म्हणायचा, "दुखनारे बसलेत की मोजायला."

मी काय केलं? मी मोजणी सोयीची करून घेतली. "जोडी एक, जोडी दोन, जोडी तीन." चुकायला नको म्हणून. माझ्या तोंडून आकडा निघायचा आणि ते फळी चढायचे. म्हणजे शंभर किलोला परवानगी मीच देत होतो, आणि तीही स्पष्ट उच्चारात.

चाचा शेडच्या पलीकडून जात होते. त्यांना वर पाहता येत नाही, त्यामुळं त्यांनी आधी ऐकलं. थांबले. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "मापाडी, जोडी मोजू नको."

"मग काय करू, चाचा? ते घेऊन येतात."

"येऊ दे. तू गप बस."

त्यांनी तेवढंच सांगितलं. दंड नाही, सभा नाही. त्या दुपारी सगळ्या दुकानांपुढच्या मापाड्यांना तोच निरोप गेला. पाठीवर एक असेल तर आकडा. दोन असतील तर गप.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या ट्रकला पहिला माणूस दादाच होता. पाठीवर दोन कट्टे. चाळीस पावलं चालून तो फळीपाशी आला आणि आकड्यासाठी थांबला. मी गप.

"आकडा दे," तो ओझ्याखालूनच म्हणाला. आवाज दाबलेला.

मी दिला नाही. मागं रांग थांबली. उचलून देणारा थांबला. शेठ गादीवरून उठून पाहायला लागला. दादाच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. डाव्या हाताची पकड सुटत होती आणि वरचा कट्टा बोटा-बोटानं सरकत होता. फळी रिकामी होती. चढायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. पण आकड्याशिवाय फळीवर पाय ठेवणं त्याच्यानंही झालं नाही. मी मनात मोजत होतो. माझा सख्खा भाऊ, दवाखान्यात मीच नेलेला, माझ्या एका शब्दासाठी क्विंटलभर ओझ्याखाली उभा, आणि मी अकरापर्यंत पोहोचलो होतो. आयुष्यात एवढं अवघड मोजणं मी दुसरं केलेलं नाही.

बाराव्याला मागच्या गड्यानं स्वतःचे कट्टे खाली टाकले, पुढं आला आणि दादाच्या पाठीवरचा वरचा कट्टा उतरवून घेतला.

मी पुकारलं, "एक."

दादा फळी चढला. त्या ट्रकला पुन्हा जोडी आली नाही, आणि नंतरही नाही. त्या दुकानापुढं आजपर्यंत नाही.

त्यानंतर संघटनेनं बरंच केलं. शेडजवळ पाण्याची टाकी आली. फळीला आडव्या पट्ट्या ठोकल्या गेल्या, त्यामुळं पावसात पाय घसरायचे थांबले. चाळणी मारणाऱ्या बायकांना बसायला सावली आणि कडी लागणारा संडास मिळाला. या गोष्टी लहान वाटतात. ज्यांना त्या नव्हत्या त्यांना विचारा. पण या सगळ्यात मी थक्क होतो तो त्या एका निरोपावर. मालकाकडून मिळवलेलं स्वतःपासून राखायचं कसं, हे तिसरीपर्यंत शिकलेल्या त्या वाकलेल्या माणसाला ठाऊक होतं. त्यानं कुणाला उपदेश केला नाही. माणसं कुठल्या शब्दासाठी थांबतात तेवढं ओळखलं आणि तो शब्द काढून घेतला.

दादा आता अठ्ठावन्नचा आहे. वाहण्याचं काम चार वर्षांपूर्वी सोडलं, आता टोळीचं काम वाटून देतो. गुंड्या स्वतः लावतो. करंगळी मात्र बधिरच राहिली. तीही बरी झाली असं लिहायला मला आवडलं असतं, पण नाही झाली.

त्या सकाळनंतर तो माझ्याशी आठ दिवस बोलला नव्हता. घर एकच, ताटं शेजारी, आणि निरोप वहिनीमार्फत. "त्यायला म्हनावं, मीठ द्या." वहिनी मीठ सरकवायची आणि पदराआड हसायची. कामावर तो एकेक कट्टा आणत होता, आकड्यासाठी थांबत होता, चढत होता. माझ्याकडं पाहत नव्हता. मी केलं ते बरोबर होतं हे मला माहीत होतं. भाऊ गमावला की काय, हे माहीत नव्हतं.

वसुबारसेची दुपार होती. दिवसातला तिसरा ट्रक. मी पुकारलं, "दोनशे बारा." दादा समोर होता, पण तो चढला नाही. कट्टा एका खांद्यावर सरकवून त्यानं मान वळवली आणि सरळ माझ्याकडं पाहिलं.

"घरी सांग," तो म्हणाला, "आजपून दोन भाकरी जास्ती टाकायच्या. चकरा लई वाढल्यात."

मागून आवाज आला, "दादा, भाकरीचं मंग बघा, फळी सोडा आधी!"

"सोडतो की. तुला कशाची एवढी घाई? तुझं तं लगीनबी जमंना."

रांग हसली. त्यावर कुणीतरी उत्तर दिलं, त्याच्यावर तिसऱ्यानं. एकानं पणत्यांचा भाव विचारला. एक जण सासऱ्याची नक्कल करायला लागला. सगळ्यांच्या पाठीवर कट्टे, आणि सगळे बोलत होते. मी दहा वर्षं त्या फळीपाशी उभा होतो आणि तिथं मला फक्त पावलं आणि श्वास ऐकू यायचे. क्विंटलाखालचा माणूस दात आवळून असतो. अगदीच बोलला तरी एखादा शब्द. या माणसांचे आवाज असे आहेत, हा इतका हसरा आहे, तो थोडा तोतरा आहे, हे मला त्या दुपारी समजलं. मी ऐकत राहिलो. सहा-सात जण माझ्यासमोर थांबून, माझ्या तोंडून काहीतरी निघालेलं ऐकून, वर गेले.

"मापाडी, आकडा!"

दोनशे अठरा की एकोणीस, मला सांगता येईना. मी हात वर करून काम थांबवलं आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "माझं चुकलं. थप्पी पुन्हा मोजावी लागंल."

दादा तेव्हा पुढचा कट्टा घेऊन फळीच्या मध्यावर पोहोचला होता. वरून त्यानं वाकून पाहिलं.

"मोज बाबा, निवांत मोज," तो म्हणाला. "मी हाय उभा. आता उभं राह्यता येतं."